खोली नंबर दोनची चिठ्ठी

१

मास्तरांचा हात कपाटाच्या तिसऱ्या फळीवर डावीकडून उजवीकडे गेला, परत डावीकडे आला आणि तिथेच थांबला.

"नाहीये," ते म्हणाले.

"काय नाहीये?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षीची फाईल."

खोलीत पाच माणसं होती. त्यातल्या चौघांनी पाचवीकडे, म्हणजे वहिनींकडे, बघायचं टाळलं.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावरची ती खोली भटक्या मंडळींची. दर वसंतात, झाडांना पालवी फुटली की, ही मंडळी एक शनिवार-रविवार गाठून जंगलातल्या डोंगरांत जायची. बसनं तीन तास, मग पायी. कुठल्या वाटेनं जायचं, कोण किती ओझं घेणार, विश्रामगृहात कुणाला कुठली खोली, हे सगळं महिनाभर आधी याच टेबलाशी ठरायचं. पूर्वी बसायला खुर्च्या पुरत नसत. यंदा पाचच जण आले होते.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी सहलीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, वहिनींचे यजमान एकटेच कड्यावर गेले आणि पाय घसरून खाली पडले. रोपवाटिका चालवायचे ते, म्हणून सगळे त्यांना रोपवाले म्हणत. चार तासांनी सापडले, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वर्षभरात वहिनी पहिल्यांदाच या खोलीत आल्या होत्या. यायच्या आठ दिवस आधी त्यांनी मास्तरांना फोन करून बजावलं होतं, "यंदाची सहल ठरवायच्या आधी गेल्या वर्षीची फाईल काढा. रविवारचा कार्यक्रम काय लिहिला होता, तो मला सगळ्यांसमोर वाचायचाय."

आता त्या उठल्या. खिडकीपाशी बसलेल्या घड्याळवाल्यांकडे त्यांनी बोट केलं नाही, पण बोलल्या त्यांच्याकडेच बघून.

"ज्यानं ती फाईल नेली, त्यानंच माझ्या माणसाला मारलं."

घड्याळवाले गेल्या वर्षी सहलीचे म्होरके होते.

वहिनी चौकशीबाईंकडे वळल्या. "ताई, तुम्ही जन्मभर लोकांची खोटी दुखणी शोधून काढलीत. आता माझं एक खरं शोधा."

२

चौकशीबाईंनी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं दावे तपासले होते. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, जिवंत निघालेले मयत. हे टोपणनाव तिथलंच. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला, त्यामुळे डोंगर संपले. सहलीला काय काय न्यायचं त्याची यादी करण्यापुरत्याच त्या मंडळात उरल्या होत्या. गेल्या वर्षीही यादी त्यांचीच होती. दोर त्यांनीच लिहिला होता, आणि तो कुणी वापरलाही नव्हता. ही गोष्ट त्यांना अधूनमधून खुपायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रोपवाटिकेत गेल्या. वहिनी कुंड्यांत माती भरत होत्या. पलीकडे त्यांची लेक पाण्याची नळी धरून उभी होती. एकोणीस वर्षांची झाली तरी सगळे तिला छकुलीच म्हणायचे. बाई दिसल्या तशी तिनं नळी खाली ठेवली आणि मागच्या शेडकडे निघून गेली.

"अशीच झालीये," वहिनी म्हणाल्या. "जेवते, कॉलेजला जाते, झोपते. माझ्याशी बोलायचं म्हणजे जिवावर येतं तिच्या."

"तुमचा संशय घड्याळवाल्यांवर आहे."

"संशय कसला? खात्री आहे. ओढ्याकाठची वाट ठरली होती असं ते आता सांगतात. मग हे कड्यावर कसे गेले? कार्यक्रमात कडाच होता. ह्यांना वाटलं, जरा लवकर जाऊन वाट बघून येऊ. नंतर सगळं अंगाशी आलं तशी घड्याळवाल्यांनी कानांवर हात ठेवले." त्यांनी कुंडीतली माती इतकी दाबली की कुंडीला तडा गेला. "आणि हे जाताना त्यांना ऐकू आलं नसेल म्हणता? हे बूट हातात घेऊन अनवाणी बाहेर गेले, व्हरांड्याच्या पायरीवर बसून बूट घातले. पायरीला लागूनच घड्याळवाल्यांची खोली. माणूस बूट आपटून बघतो, तेवढा आवाज तर होतोच ना?"

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"मी झोपले होते. गाढ. आदल्या दिवशी इतकं चालल्यावर काय शुद्ध असणार? चहाच्या वेळी उठले तेव्हा शेजारी अंथरूण रिकामं."

चौकशीबाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. गाढ झोपलेल्या बाईला बूट हातात होते हे कसं कळलं, हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला. दुःखातल्या माणसाला उलटा प्रश्न विचारायची एक वेळ असते, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

"रोपवाल्यांच्या अंगावर काय काय सापडलं होतं?"

वहिनींचे हात थांबले. "घड्याळ. चाकू. रुमालात गुंडाळलेली दोन पांढरी फुलं. चुरगळलेली. मी टाकून दिली."

मागच्या शेडमध्ये काहीतरी धाडकन पडलं. वहिनींनी मान वर केली, पण हाक मारली नाही.

३

"कुलूप फोडलेलं नाही," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्या उभ्यानंच चहा पीत होत्या. "म्हणजे किल्ली माझ्याच खणातली वापरली. वरच्या खोलीची आणि कपाटाची, एकाच जुडग्यात आहेत. खण उघडाच असतो. आता चौकशीबाई, तुम्ही मलाच धरणार."

"तुम्हाला धरायचं तर आधी भूल घ्यावी लागेल. वहिनींच्या फोनपासून बैठकीपर्यंत कोण कोण आलं होतं?"

"मास्तर मंगळवारी. यंदाचा नकाशा ठेवायला. बुधवारी दुपारी घड्याळवाले. वरच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला ते दर बुधवारी येतात, वर्षानुवर्षं. सहलीचं म्होरकेपण सोडलं, पण घड्याळ सोडलं नाही."

"आणखी कुणी?"

"मंडळातलं कुणी नाही. बाकी सगळे आपले दातवाले." डॉक्टरीणबाई जरा थांबल्या. "हां, छकुली आली होती. बुधवारीच. दाढ दुखते म्हणाली. मी खुर्चीत बसवून नीट बघितलं, दाढ ठणठणीत. हिरडीसुद्धा लाल नाही. मी हात धुऊन येईतो बाई गायब. जाऊ दे म्हटलं. बापाविना पोर, कुणाशी बोलायचं असेल, जमलं नसेल."

"हात किती वेळ धुता तुम्ही?"

"मध्येच एक फोन आला होता. दहा मिनिटं तरी गेली असतील. का हो?"

"सहज," चौकशीबाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी मास्तरांना फाटकापाशी गाठलं. मास्तर भूगोल शिकवायचे आणि मंडळाचे नकाशे काढायचे. रस्त्यावर उभं राहून बोलतानासुद्धा त्यांना उत्तर कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवावं लागे.

"फाईल, फाईल म्हणतोय आपण सगळे," ते म्हणाले. "पण खरं सांगायचं तर फाईल नव्हतीच ती."

"म्हणजे?"

"मूळची लाल पुठ्ठ्याची होती. पावसाळ्यात तिला ओल धरली. मग मी सगळे कागद काढून पत्र्याच्या एका चपट्या डब्यात ठेवले, बिस्किटांचा असतो ना तसल्या. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, वर वर्ष लिहिलं. लाल पुठ्ठा टाकून दिला."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी विचारलंच नाही हो. गेल्या वर्षीच्या कागदांना हात लावायची कुणाची छाती होती?"

चौकशीबाई घरी पोचल्या तर दारात घड्याळवाले उभे होते. टोपी हातात, चेहरा राखेसारखा.

"बाई, उगाच दारोदार फिरू नका," ते म्हणाले. "फाईल मी नेली."

४

त्यांनी घड्याळवाल्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. बारीक चक्रं हाताळणारी त्यांची बोटं टोपीची कड गोल गोल फिरवत होती.

"कधी नेलीत?"

"बुधवारी. घड्याळाला किल्ली द्यायला गेलो तेव्हा."

"का?"

"वहिनी म्हणतात तेच खरं. रविवारच्या कार्यक्रमात कडा होता. मीच लिहिला होता. नंतर भीती वाटली."

"आता कुठे आहे?"

"जाळली. घरच्या शेगडीत घातली आणि जाळली. वहिनींना सांगा, पोलिसांत जायचं तर जा म्हणावं. मी नाही म्हणणार नाही."

"लाल पुठ्ठासुद्धा जळला?"

"सगळं जळलं. लाल पुठ्ठा जरा वेळ धुमसत राहिला, मग तोही गेला."

चौकशीबाईंनी चष्मा काढून पुसला. तसल्या वेळी त्या नेहमी चष्मा पुसायच्या, म्हणजे समोरच्याचा चेहरा क्षणभर दिसत नाही आणि दया येत नाही. पण आज आली.

"घड्याळवाले, तुम्ही खोटं फार वाईट बोलता. सवय नाही तुम्हाला. लाल पुठ्ठा कपाटात नव्हताच. पावसाळ्यातच तो कचऱ्यात गेला. कागद पत्र्याच्या डब्यात होते, आणि पत्रा शेगडीत धुमसत नाही."

टोपी फिरायची थांबली.

"तुम्ही त्या कपाटाला हातही लावलेला नाही. मग चोरी अंगावर का घेताय? स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलतो. तुम्ही स्वतःला बुडवायला बोलताय, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वाचवताय. आणि ज्या घरानं वर्षभर तुम्हाला खुनी ठरवलं, त्या घरातल्या माणसाशिवाय तुम्ही असं कुणासाठी करणार? जिन्यात कोण भेटलं बुधवारी?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पिशवी छातीशी धरून उतरत होती. माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला चिकटून बाजूला झाली. तेव्हा काही कळलं नाही मला. काल मास्तर फाईल नाहीये म्हणाले, तेव्हा उजेड पडला. बाई, पोर आहे हो. आईनं सगळ्यांसमोर चोराला खुनी म्हटलंय. ती पोर आईसमोर कशी उभी राहणार? माझं काय, माझ्या नावावर एवढं लागलंच आहे. त्यात आणखी थोडं."

"आणि कार्यक्रमात खरंच कडा होता?"

"ओढ्याकाठची वाट होती. खाली मी लाल शाईनं लिहिलं होतं, कड्यावर कुणीही एकट्यानं जायचं नाही."

"मग वर्षभर हे दाखवलं का नाहीत?"

घड्याळवाल्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. डोळे भरले होते. "काय दाखवू? गेलेल्या माणसाची चूक कागदावर दाखवून मी सुटका करून घेऊ? वहिनींना राग काढायला कुणीतरी हवं होतं. मी होतो."

५

शनिवारी दुपारी वहिनी बाजारात गेल्याचं बघून चौकशीबाई रोपवाटिकेच्या मागच्या शेडमध्ये शिरल्या. छकुली पालथ्या टोपलीवर बसून रोपांच्या मुळांची माती झटकत होती.

"दाढ कशी आहे?" बाईंनी विचारलं.

मुलीच्या हातातलं रोप खाली पडलं. ती रडली नाही, पळाली नाही. उठून खताच्या रिकाम्या पोत्यांपाशी गेली, चार पोती बाजूला केली आणि पत्र्याचा चपटा डबा आणून बाईंच्या मांडीवर ठेवला. झाकणाची चिकटपट्टी चारी बाजूंनी जशीच्या तशी होती.

"उघडलाही नाहीस?"

"मला माहितीये मावशी, आत काय आहे ते." तिचा आवाज एखाद्या म्हातारीसारखा आला. "माझा निरोप आहे. मी मारलं बाबांना."

मग ते बाहेर आलं, तुटक तुटक. परीक्षेमुळे ती सहलीला गेली नव्हती. झाडांच्या अभ्यासाची वही पुरी करायची होती. वहीत कड्यावरचं ते पांढरं फूल तेवढं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तिनं विश्रामगृहात फोन केला. मोबाईल तिथे लागत नाही. रखवालदारानं उचलला. म्हणाला, सगळे बाहेर शेकोटीपाशी आहेत, निरोप लिहून ठेवतो. तिनं सांगितलं, बाबांना म्हणावं, कड्यावरची पांढरी फुलं माझ्या वहीसाठी आणाच.

"आणाच म्हटलं मी," छकुली म्हणाली. "आणि त्यांच्या रुमालात दोन फुलं निघाली. आईनं टाकून दिली, तिला कळलं नाही. मी केराच्या डब्यातून काढली. वहीत आहेत माझ्या. घड्याळकाकांनी तेव्हा तिथले सगळे कागद गोळा करून फाईल केली होती. तो निरोप त्यातच असणार. आईनं तो सगळ्यांसमोर वाचला असता."

"घड्याळवाले तुझ्या जागी उभे राहायला निघाले होते, माहितीये?"

मुलीनं नकारार्थी मान हलवली आणि मग तोंडावर हात दाबून धरला.

चौकशीबाईंनी छाटणीच्या चाकूनं पट्टी कापली. वर कार्यक्रमाचा कागद होता. ओढ्याकाठची वाट, खाली लाल शाईची ओळ. घड्याळवाले खरं बोलले होते. मग बसची तिकिटं, त्यांचीच यादी, त्यात 'दोर' हा शब्द. आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. वर लिहिलं होतं: खोली नंबर दोन, रोपवाले.

चिठ्ठीकडे बघता बघता चौकशीबाई ताठ बसल्या.

"छकुली," त्या हळूच म्हणाल्या, "तुझी आई येईपर्यंत थांबायचं. आणि घड्याळवाल्यांना फोन कर. आत्ता."

"आईसमोर नको! मावशी, पाया पडते तुमच्या."

"आईसमोरच. मला आता जे सांगायचंय, ते दोनदा सांगायची ताकद माझ्यात नाही."

६

चौघंही शेडमध्येच जमली, रोपांच्या वाफ्यांमध्ये. वहिनींनी डबा बघितला, लेकीकडे बघितलं आणि हातातल्या पिशव्या तशाच खाली सोडल्या. छकुलीनं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी तिला मध्ये तीनदा थांबावं लागलं. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्या लेकीकडे गेल्या नाहीत. जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"आता ही चिठ्ठी बघा," चौकशीबाई म्हणाल्या. "रखवालदारानं चार घड्या घातल्या आणि स्टेपलरची एक पिन मारली. मी तासाभरापूर्वी त्याला फोन केला. लोकांच्या घरच्या गोष्टी असतात म्हणून तो प्रत्येक निरोप असाच बंद करतो. ही पिन गंजलीये. गंजाचा डाग चारही थरांत आरपार, एकाच जागी. पिन काढून पुन्हा मारली असती तर जास्तीची भोकं दिसली असती. दोनच आहेत. ही चिठ्ठी लिहिल्या दिवसापासून कुणीही उघडलेली नाही."

"पण त्यांना मिळाली असेल..." छकुली म्हणाली.

"मिळून न उघडता परत आली? बरं, वर काय लिहिलंय? खोली नंबर दोन. वहिनी, तुम्ही कुठल्या खोलीत झोपलात?"

"चारमध्ये," वहिनी पुटपुटल्या. "दोनच्या खिडकीची कडी मोडकी होती. थंडी वाजत होती म्हणून पोचल्या पोचल्याच घड्याळवाल्यांनी त्यांची खोली दिली. ते दोनमध्ये गेले."

"आणि रखवालदाराला कुणी सांगितलं नाही. त्यानं चिठ्ठी दोनच्या दारावरच्या खिळ्याला लावली. घड्याळवाले?"

"रात्री अंधारात आणि सकाळी शोधाशोधीत लक्ष गेलं नाही. रविवारी दुपारी दिसली," घड्याळवाले म्हणाले. "तेव्हा त्यांना खाली आणलं होतं. चिठ्ठीवर त्यांचं नाव. दुसऱ्याची चिठ्ठी मी कशी उघडणार? बाकीच्या कागदांत ठेवून दिली."

"म्हणजे कड्यावर जाणाऱ्या माणसाला हा निरोप पोचलाच नव्हता. छकुली, तुझे बाबा तुझ्या सांगण्यावरून गेले नाहीत."

मुलीच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि पुन्हा विझलं. "मग फुलं?" ती म्हणाली. "फुलं का तोडली त्यांनी? मी सांगितलं नव्हतं तरी माझ्यासाठीच ना? वही अपुरी आहे हे त्यांना ठाऊकच होतं. मग माझ्यामुळेच ना, मावशी?"

याचं उत्तर चौकशीबाईंपाशी होतं, पण ते त्यांनी द्यायचं नव्हतं. रोपवाले बूट हातात घेऊन अनवाणी बाहेर गेलेले कुणाला दिसले, ते त्यांना ठाऊक होतं. दिसण्यासाठी डोळे उघडे असावे लागतात. त्या वहिनींकडे बघत राहिल्या, विचारलं मात्र नाही. अठ्ठावीस वर्षांत एखादा प्रश्न न विचारणं त्यांना इतकं जड कधीच गेलं नव्हतं.

७

"तुझ्यासाठी नव्हती ती," वहिनी म्हणाल्या.

त्या वाफ्याच्या कठड्यावर बसल्या. कुणाकडेच न बघता बोलू लागल्या.

"मी जागी होते. पहाटे ह्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाले, उठतेस का गं, कड्यावर फुलं आलीयेत, चल, तुला दाखवतो, सगळे उठायच्या आत येऊ परत. आदल्या दिवशी आमची बोलाचाली झाली होती. काही मोठं नव्हतं. माझे पाय दुखत होते, आणि हे सारखे पुढे चालत होते, मागे वळून बघत नव्हते. तेवढ्यावरून. मी झोपेचं सोंग घेतलं. त्यांना वाटलं असेल झोपलीये, किंवा कळलंही असेल. पुन्हा म्हणाले, बरं, झोप, फुलं घेऊन येतो तुझ्यासाठी. मग बूट हातात घेतले आणि गेले. दार लावताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून किती वेळ धरून उभे होते."

शेडमध्ये नळीतून पाणी ठिबकत होतं.

"मी नुसतं हूं म्हटलं असतं तरी थांबले असते. मी गेले असते तर मला घेऊन कड्याच्या टोकाला गेलेच नसते. पडल्या पडल्या मला वाटत होतं, येऊ देत, मग बघते, लगेच नाही बोलायचं." त्यांचा आवाज तिथे फुटला. "अन् मी ती फुलं केरात टाकली. मला बघवेनात."

घड्याळवाले खाली मान घालून बसले होते. वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही लाल शाईनं लिहिलं होतं ते मी तिथे वाचलं होतं. मला माहीत होतं. पण वर्षभर मी मनाला इतक्यांदा सांगितलं की कडा लिहिला होता, की मला ते दिसायला लागलं. फाईलमध्ये तसंच निघेल असं खरंच वाटत होतं मला. तसं निघालं असतं तर मला झोप लागली असती."

"वहिनी, राहू द्या," घड्याळवाले म्हणाले.

"नाही राहू द्यायचं. माझ्या डोळ्यांदेखत ही पोर वाळत गेली. मला वाटायचं, बापाचं दुःख करतेय. मी माझंच झाकण्यात इतकी गुंतले की तिला विचारलंसुद्धा नाही, बाई गं, तुला काय होतंय."

छकुली उठली. चौकशीबाईंना वाटलं, ही आता आईच्या गळ्यात पडणार. पण ती तशीच शेडबाहेर निघून गेली. घराचं दार लागल्याचा आवाज आला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

चौघांतली तिघं उरली. घड्याळवाल्यांनी उठून नळ घट्ट बंद केला. ऊन शेडच्या पत्र्यावरून खाली सरकलं. मग पुन्हा पावलं वाजली. छकुली दारात उभी होती, हातात तिची जाड वही. तिनं वही उघडून आईच्या मांडीवर ठेवली. पानावर चिकटपट्टीनं लावलेली दोन फुलं होती. तपकिरी पडलेली, चपटी, पांढरी होती हे सांगावं लागेल अशी.

"तुझी आहेत," ती म्हणाली. "घे."

वहिनींनी फुलांना हात लावला नाही. त्यांनी लेकीचा मातीनं माखलेला हात धरला आणि तो कपाळाशी नेऊन त्या रडू लागल्या, वर्षभर रडल्या नसाव्यात तशा.

८

चौकशीबाईंनी मंडळात कुणाला काही सांगितलं नाही. डबा कपाटात परत गेला. मास्तरांनी नवी चिकटपट्टी मारली. डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारायला तोंड उघडलं आणि बाईंचा चेहरा बघून मिटलं.

त्या वर्षी सहल निघेल असं कुणालाच वाटत नव्हतं. आठवडा गेला. बुधवारी बाई भाजी घेऊन घड्याळांच्या दुकानावरून चालल्या होत्या, तेव्हा समोरून वहिनी येताना दिसल्या. मागे छकुली. बाई रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीच्या आडोशाला थांबल्या. चौकशी संपली होती, पण सवय कुठे जाते?

वहिनी दुकानाच्या पायरीशी आल्या आणि तिथेच थबकल्या. आत घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून कशात तरी गढले होते. छकुलीनं आईला ढकललं नाही, हाक मारली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. शेवटी वहिनी स्वतःच आत गेल्या. घड्याळवाल्यांनी भिंग काढलं, लगबगीनं स्टूल पुढे केलं. वहिनी बसल्या नाहीत. काहीतरी बोलल्या, थोडंसंच. घड्याळवाल्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली. मग ते डोळे पुसायला भिंतीकडे वळले आणि वहिनी स्टुलावर बसल्या.

रस्ता अरुंद होता. मधली हातगाडी पुढे सरकली तेव्हा बाईंना दोन वाक्यं नीट ऐकू आली.

"शनिवार कुठला धरायचा?" वहिनी विचारत होत्या.

"तिसरा बरा," घड्याळवाले भिंतीवरचं कॅलेंडर उलटत म्हणाले. आवाज अजून सावरला नव्हता. "तोवर कड्याला कठडा घालणार आहेत म्हणे. पण आपण ओढ्याकाठनंच जाऊ. किती जण लिहू?"

वहिनींनी लेकीकडे बघितलं. छकुली पायरी चढून आत आली.

"दोन," ती म्हणाली. "आणि आम्हाला एकच खोली द्या."

चौकशीबाई पिशवी सावरत घराकडे निघाल्या. गुडघे ठणकत होते. घरी जाऊन यादी करायला घ्यायची होती.